जुना चेनसॉ विकत घेताना

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन-दिवेआगरपासून मंडणगड-दापोलीपर्यंतच्या बागायतीत दोन-दोन पिढ्यांनी जोपासलेली आंबा-फणसाची, माडा-पोफळींची झाडे काही तासांत भुईसपाट झाली, तेव्हा पंचनाम्यासाठी सरकारी कारकून येण्याच्या आधीच बागायतदारांपुढे एक साधा, पण अत्यंत निकडीचा प्रश्न उभा राहिला : पडवीच्या कौलांवर, विहिरीच्या कठड्यावर आणि पाखाडीवर आडवे झालेले हे ओंडके हलवायचे कसे? कुऱ्हाडीने दिवसभर राबून खोड तोडणारी माणसे गावात फारशी उरलेली नव्हती, आणि यंत्र घेऊन फिरणारा कटरवाला त्या आठवड्यात सबंध तालुक्याला एकाच वेळी हवा होता. पुढल्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याच्या कडेकडेने उत्तरेस गेले, आणि पहिल्या खेपेला हात चोळत बसलेल्या कित्येकांच्या मनात, घरी आपला एक लहानसा चेनसॉ असावा, हा विचार पक्का झाला.

परंतु वर्षातून चार-सहा दिवस लागणाऱ्या वस्तूसाठी नव्या, नामांकित यंत्राची किंमत मोजणे सामान्य गृहस्थाच्या जिवावर येते. मग कोणीतरी सांगत येतो की, अमक्याकडे एक जुने यंत्र पडून आहे, फारसे वापरलेले नाही, स्वस्तात देतो म्हणतो. ‘फारसे वापरलेले नाही’ या तीन शब्दांपाशी ग्राहकाने किंचित थांबावे, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे; कारण या जातीच्या यंत्राचे आयुष्य झिजेने जेवढे संपते त्याहून अधिक पडून राहण्याने संपते, आणि विक्रेता जो गुण म्हणून सांगतो तोच पुष्कळदा खरा दोष असतो.

प्रथम काम कोणते ते ठरवावे. कुंपणाच्या गिरिपुष्पाच्या मनगटाएवढ्या फांद्या छाटणे आणि जांभळाच्या फुटव्यांना आवर घालणे एवढेच ज्याच्या वाट्याला आहे, त्याने चेनसॉच्या नादी लागू नये. ओढताना कापणारी, किंचित वाकड्या पात्याची छाटणीची करवत त्याचे काम निम्म्या त्रासात करील, आणि तिला पेट्रोल लागत नाही. वीत-सव्वावीत जाडीच्या फांद्या, सरपणाचे ओंडके, वादळात पडलेले एखादे मध्यम झाड, असे काम असेल तरच यंत्राचा विचार करावा. आणि तसा तो केला तर ३० ते ४० सीसीचे इंजिन आणि १२ ते १६ इंचांचा बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी, यांच्या पलीकडे नजर जाऊ देऊ नये. स्टिल या जर्मन कंपनीचा एमएस १७० हा ३०.१ सीसीचा आणि एमएस १८० हा ३१.८ सीसीचा, हुस्क्वार्ना या स्वीडिश कंपनीचा २३६ हा ३८.२ सीसीचा, घरगुती आणि बागायती कामासाठी म्हणूनच हे घडवलेले आहेत, आणि बार-चेन वगळता पहिल्या दोहोंचे वजन चार किलोंच्या आसपास भरते. याच्या उलट, ‘अठ्ठावन्न सीसी, बावीस इंच’ अशा रुबाबदार अंकांनी मिरवणारी स्वस्त यंत्रे बाजारात नवीच इतक्या कमी दरात मिळतात की, जुन्या चांगल्या यंत्राच्या किमतीत हे नवे कोरे आणि दुप्पट ताकदीचे का घेऊ नये, असा मोह भल्याभल्यांना पडतो. या मोहाचे उत्तर दंडांना विचारावे. लांब बारचे जड यंत्र तासभर कमरेच्या उंचीवर धरल्यावर नवशिक्याचे हात थरथरू लागतात, आणि बहुतेक अपघात थकलेल्या हातांनीच होतात. शिवाय चेन जितकी लांब तितके धार लावायचे दात अधिक, आणि धार लावण्याचा कंटाळा हा मनुष्यस्वभाव आहे.

या यंत्राचा पूर्वेतिहास थोडा चमत्कारिक आहे. दातेरी साखळी एका पट्टीभोवती फिरवून कापण्याची कल्पना प्रथम लाकडासाठी नव्हे, हाडांसाठी निघाली. १८३० च्या सुमारास बर्नहार्ड हाइने या जर्मन अस्थिवैद्याने हाताच्या मुठीने फिरवायचे असे उपकरण शस्त्रक्रियेसाठी तयार केले होते. लाकडाच्या बाबतीत आंद्रेआस स्टिल याने १९२६ मध्ये विजेवर चालणारा आणि एमिल लेर्प याने १९२७ मध्ये थुरिंगियातील डोल्मार टेकडीवर पेट्रोलवर चालणारा चेनसॉ प्रचारात आणला. पण ती धुडे दोघादोघांनी उचलायची होती. खरी क्रांती झाली ती साखळीत. अमेरिकेतील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये एका बुंध्यात लाकूड पोखरणारी अळी पाहिली. ती आपले जबडे डावी-उजवीकडे चालवून उभ्या-आडव्या कशाही धाग्यातून सहज वाट काढते हे त्याच्या ध्यानात आले, आणि तिच्या जबड्यांच्या नमुन्यावर त्याने जी डावी-उजवी दातांची चेन बनवली तिचेच वंशज आज जगभर लाकूड कापत आहेत. हा इतिहास ग्राहकाच्या उपयोगाचा एवढ्यासाठी की, कापण्याचे तत्त्व गेल्या पाऊणशे वर्षांत मूलतः बदललेले नसल्यामुळे पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे चांगले यंत्र आजच्या यंत्राइतकेच सफाईने कापते, आणि केवळ वयावरून त्याला नापास करण्याचे कारण नाही. ज्यावर चेन जागच्या जागी थांबवणारा चेन ब्रेक नाही असे यंत्र मात्र कितीही दणकट आणि स्वस्त असले तरी घेऊ नये. १९७० च्या दशकानंतर ही सोय हळूहळू सार्वत्रिक झाली. तिच्यावाचूनची यंत्रे संग्रहालयात शोभतात.

आता पडून राहण्याविषयी. चेनसॉचे इंजिन टू-स्ट्रोक असते; जुन्या स्कूटरप्रमाणे त्याचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. उत्तम प्रतीच्या टूटी ऑइलचे प्रमाण सामान्यतः लिटरला २० मिलिलिटर, आणि साध्या ऑइलसाठी किंवा उत्पादकाने तसे सांगितले असेल तर ४०. हे मिश्रण टाकीत तसेच ठेवून यंत्र माळ्यावर टाकले की ऱ्हास सुरू होतो. आपल्याकडे पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉलला पाण्याची विलक्षण ओढ. कोकणातील चार महिन्यांच्या दमट हवेत ते बाष्प शोषून घेते, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलपासून फारकत घेतात आणि टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहते, आणि इंजिनाला इंधन पुरवणारी नळी तळातून ओढते. म्हणजे पुढल्या मोसमात मालकाने हौसेने दोरी ओढून यंत्र सुरू केलेच, तर पहिला घोट जातो तो वंगणरहित. कार्ब्युरेटरच्या पोटात जो कागदासारखा पातळ पडदा असतो तो ताठर होतो, इंधनाची रबरी नळी चिरते, पेट्रोल उडून गेल्यावर मागे राहिलेला चिकट राळेसारखा थर सूक्ष्म छिद्रे बुजवून टाकतो. ‘एकच उन्हाळा वापरला, नंतर गरजच पडली नाही’ असे सांगून जे यंत्र दाखवले जाते, त्याच्या आत हे सारे घडून गेलेले असण्याचा संभव दांडगा असतो.

तथापि एवढ्यावरून निराश होण्याचे कारण नाही, कारण जुन्या यंत्राच्या आजारांत स्वस्त आणि महाग असे दोन वर्ग आहेत, आणि खरेदीची सारी विद्या हे दोन वर्ग ओळखण्यात आहे. कार्ब्युरेटरचे पडदे, इंधनाची नळी, फिल्टर, स्पार्क प्लग, सुरू करण्याची दोरी, हे सारे स्वस्त आजार. जाणता मिस्त्री ते अर्ध्या दिवसात बरे करतो. पिस्टन-सिलिंडरवर ओरखडे, क्रँकच्या टोकांचे खराब झालेले सील, गंजलेले बेअरिंग, हे महाग आजार. त्यांचा खर्च लहान यंत्राच्या किमतीशी स्पर्धा करतो. सबब, सुरू होत नाही एवढ्याचसाठी कवडीमोलाने निघालेले, पण आतून निरोगी असलेले यंत्र हा पुष्कळदा उत्कृष्ट सौदा ठरतो, आणि पहिल्या ओढीला धडधडत सुरू होणारे यंत्र आतून पोखरलेले असू शकते. नित्य काम करणाऱ्या कटरवाल्याने वापरलेले यंत्र बाहेरून कुरूप दिसते, त्याचा रंग उडालेला असतो, बार घासलेला असतो; पण ज्याने पोट भरण्यासाठी ते सांभाळले त्याने मिश्रणाचे प्रमाण पाळलेले असण्याची आणि ते सुकू न दिल्याची शक्यता अधिक. ज्याला वर्षाकाठी मोजके तासच काम आहे त्याला त्या यंत्राचे उरलेले आयुष्य सहज पुरते.

पाहणीला जाताना विक्रेत्याला आधी फोनवरच सांगावे की, यंत्र गरम करून ठेवू नका. पोहोचल्यावर बोलणे सुरू करण्यापूर्वी सायलेन्सरला बोट लावावे. तो कोमट लागला तर चहा घेऊन यावा आणि तो निवेपर्यंत पुढे जाऊ नये, कारण थंड अवस्थेत रुसणारे इंजिन ग्राहक येण्यापूर्वी जागे करून ठेवणे ही या व्यापारातली फार जुनी युक्ती आहे. नंतर यंत्र बंद असताना दोरी हळूहळू ओढावी. प्रत्येक फेऱ्यात एक ठाम अडथळा हाताला लागला पाहिजे. दोरीची मूठ धरून सबंध यंत्र अधांतरी सोडले असता ते अडखळत, टप्प्याटप्प्याने खाली उतरते, तर कॉम्प्रेशन बरे आहे असे समजावे. सरसर खाली आले तर नमस्कार करून निघावे. सोबत मिस्त्री असेल आणि त्याच्याकडे गेज असेल तर आकडाच मिळतो : या आकाराच्या इंजिनात तो १२० ते १५० पीएसआयच्या दरम्यान असावा, शंभराच्या खाली असेल तर किंमत कितीही कमी असो, नको.

याहूनही खात्रीची परीक्षा एक आहे, आणि ती करणारा ग्राहक विरळा. लहान यंत्रांत वरचे झाकण काढून सायलेन्सरचे दोनच नट सोडले की तो हातात येतो आणि त्यामागे धूर बाहेर पडण्याची चौकोनी खिडकी दिसते. मोबाइलचा दिवा तिच्यावर धरून दुसऱ्या हाताने दोरी सावकाश ओढावी. पिस्टन त्या खिडकीतून खाली-वर जाताना दिसू लागतो. निरोगी पिस्टनचा पृष्ठभाग मंद, राखाडी आणि एकसारखा असतो, आणि नीट पाहिल्यास घडणीच्या वेळच्या बारीक आडव्या रेघाही त्यावर शाबूत दिसतात. तेथे उभे ओरखडे असतील, काही जागी धातू पसरून चकचकीत झाला असेल, पिस्टनची रिंग खाचेत चिकटून बसली असेल, तर कोणीतरी एकदा तरी ऑइल न घालता नुसते पेट्रोल ओतून यंत्र चालवलेले आहे, किंवा हवा कोठून तरी आत शिरून मिश्रण विरळ झालेले आहे, हे कबुलीजबाबाइतके स्पष्ट समजावे. यंत्राने काय सांगितले आणि मालकाने तोंडाने काय सांगितले, यांत विरोध आला तर यंत्रावर विश्वास ठेवावा. सायलेन्सर काढू देण्यास जो विक्रेता तयार नसतो, त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. त्याचा नकार हाच अहवाल.

एवढे समाधानकारक निघाले की यंत्र जोडून, जमिनीवर टेकवून, मागच्या मुठीवर पाय रोवून सुरू करवावे. थोडे तापल्यावर आयडलिंगवर ते संथ आणि एका लयीत चालले पाहिजे, आणि त्या वेळी चेन पूर्णपणे स्थिर असली पाहिजे. आयडलिंगवरही चेन सरकत असेल तर आयडलिंगच्या स्क्रूची किरकोळ चूक असेल किंवा क्लचच्या स्प्रिंगा थकलेल्या असतील, पण दुरुस्त होईपर्यंत ते धोक्याचे. मग यंत्र नाक वर, नाक खाली, कुशीवर असे कलते करून पाहावे. इंजिनाची चाल त्यामुळे फारशी बदलू नये. एकदा पूर्ण रेस देऊन ट्रिगर सोडावा; आवाज तत्काळ खाली आला पाहिजे. सोडल्यावरही ते काही काळ उंच सुरात किंचाळत राहिले, तर बहुधा सीलमधून किंवा रबरी जोडातून हवा शिरते आहे, आणि हा महाग वर्गातला आजार आहे. कार्ब्युरेटरवर एल आणि एच अशा खुणांचे स्क्रू फिरवून विक्रेता तो आवाज तात्पुरता दाबू शकतो. तो हातात स्क्रूड्रायव्हर घेऊनच उभा असेल तर सावध व्हावे. शेवटी यंत्र बंद करून पाच मिनिटे थांबावे आणि गरम असतानाच पुन्हा सुरू करावे, कारण क्षीण कॉम्प्रेशनचे इंजिन थंड असताना चालते आणि गरम झाल्यावर मान टाकते.

चेनला तेल पोहोचते की नाही हे पाहण्यासाठी सिमेंटच्या रिकाम्या पिशवीचा कागद जमिनीवर पसरून बारचे टोक त्याच्यापासून चार बोटे वर धरावे आणि अर्धी रेस द्यावी. काही सेकंदांत कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. येथे एक वाईट वहिवाट नोंदवण्यासारखी आहे. पैसे वाचवण्यासाठी गाडीचे काढलेले काळे, जळके ऑइल बारच्या टाकीत ओतण्याची सवय फार पसरलेली आहे. त्यातील धातूचे कण पंप खातात आणि ते घाणेरडे तेल फवाऱ्यासारखे उडून कापणाऱ्याच्या कपड्यांवर आणि कातडीवर बसते. टाकीचे झाकण उघडून आत काळाकुट्ट गाळ दिसला तर त्या मालकाने बाकी बाबतींत काय केले असेल त्याचा अंदाज बांधता येतो.

चेन ब्रेकची परीक्षा यंत्र रेसवर असताना घ्यावी लागते : पुढच्या मुठीसमोरची ढाल मनगटाने पुढे ढकलताच चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. चेन तुटली तर ती मागे हाताकडे येऊ नये म्हणून बारच्या बुडाशी जो लहानसा आकडा असतो, तो मोडून पडलेला असणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. तो भाग किरकोळ किमतीचा आहे, पण तो नसताना काम करू नये.

यानंतर चेनकडे वळावे. आणि माझ्या मते निम्मा चेनसॉ म्हणजे चेनच होय. उत्तम इंजिनावर बोथट चेन घालणारा माणूस यंत्र दाबून दाबून चालवतो, इंजिन तापवतो, बार घासतो आणि शेवटी यंत्रालाच दोष देतो. चेन धारदार आहे की नाही हे तिच्या भुशावरून कळते : धारदार चेन लाकडाच्या जाडसर, चौकोनी चिपा फेकते, बोथट चेन पिठासारखी पूड पाडते. पूड पडत असताना धूरही निघाला, तर लाकूड कापले जात नसून घासले जाते आहे. माडाचे खोड कापणाऱ्याला हा अनुभव लवकर येतो, कारण माडाचे लाकूड गाभ्यापेक्षा बाहेरच्या अंगाला अधिक घट्ट, चिवट आणि धार मारणारे असते. आणि वादळाने समुद्रकाठच्या वाळूत लोळवलेल्या खोडावर जी वाळू चिकटलेली असते ती दोन मिनिटांत नव्या चेनची धार घालवते. तेव्हा खोड धुऊन किंवा साल तासून मगच कापावे, आणि ओंडका जमिनीवर पडलेला असेल तर आरपार न कापता शेवटचा चतुर्थांश भाग ओंडका फिरवून वरून कापावा.

जुन्या यंत्राबरोबरची चेन बहुधा संपत आलेली असते. प्रत्येक दाताच्या वरच्या कडेवर मागच्या अंगाला एक तिरकस रेघ कोरलेली असते; घासत घासत दात त्या रेघेपर्यंत आला की त्या चेनची मुदत भरली. नवी चेन घ्यायला दुकानात जाताना तीन गोष्टी लिहून न्याव्यात : लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतराचे निम्मे, ज्याला पिच म्हणतात, बारच्या खाचेची रुंदी, आणि चेनच्या आतील बाजूच्या दातांची, म्हणजे ड्राइव्ह लिंकची, संख्या. हे तिन्ही अंक बहुतेक बारच्या बुडाशी छापलेले असतात. लहान यंत्रांवर सामान्यतः तीन-अष्टमांश इंची, लो प्रोफाइल म्हणतात ती चेन असते आणि तिच्यासाठी ४ मिलिमीटरची गोल कानस चालते. दाताशी साधारण ३० अंशांचा कोन धरून, कानस फक्त पुढे ढकलताना दाबून आणि मागे आणताना उचलून, प्रत्येक दाताला सारखेच हात द्यावेत; एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा लांब राहिले तर काप सरळ न जाता चंद्रकोरीसारखा वाकतो. दातापुढचा बुटका खुंट दात लाकडात किती खोल जावा याचे नियंत्रण करतो. दात झिजले की त्याचीही उंची उतरवावी लागते, दाताच्या टोकापेक्षा तो साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा, पण त्याला हौसेने अधिक घासणाऱ्याच्या हातात यंत्र उसळ्या मारू लागते. नव्या ग्राहकाने ही कानस चालवण्याची विद्या कटरवाल्याकडून एक दिवस बसून शिकावी आणि त्याचा मेहनताना खुशीने द्यावा.

बार काढून काचेवर किंवा सपाट फरशीवर कडेने उभा केला असता स्वतःच्या तोलावर सरळ उभा राहिला तर त्याच्या दोन्ही पट्ट्या सारख्या आहेत. कलला तर एक बाजू झिजलेली. चेन खाचेत बोटाने डावी-उजवीकडे लोटून पाहावी. ती फार झुलत असेल तर बार संपला. क्लचमागचे स्प्रॉकेटही पाहावे, त्याच्या दातांत अर्धा मिलिमीटरहून खोल खड्डे पडले असतील तर नवी चेन त्यावर चढवणे म्हणजे नवी चेनही बुडवणे. बार, चेन आणि स्प्रॉकेट हे तिन्ही बदलावे लागणार असतील तर तो खर्च किमतीतून वजा करून मगच बोली लावावी.

नामांकित कंपन्यांचा रंग, आकार आणि अक्षरांची ठेवणसुद्धा उचललेल्या नकला बाजारात सर्रास फिरतात, आणि त्या जुन्या झाल्यावर ओळखू येणे आणखी कठीण. अनुक्रमांकाची पट्टी किंवा ठसा खरवडलेला असेल, झाकणावरचा मॉडेल क्रमांक आणि बारवरचे अंक जुळत नसतील, प्लास्टिकच्या कडा खडबडीत असतील, तर शंका घ्यावी. तथापि अस्सल-नक्कल यापेक्षाही व्यवहारात महत्त्वाचा प्रश्न सुट्या भागांचा आहे. सौदा ठरवण्यापूर्वी आपल्या तालुक्याच्या गावी जो कृषी-यंत्रांचा दुकानदार आहे त्याला विचारावे की, या मॉडेलचा कार्ब्युरेटरचा संच, पिस्टन आणि चेन तुमच्याकडे मिळेल काय. आणि उत्तर ‘मागवून देऊ’ असे आले तर ते नकारार्थी समजावे.

किंमत नव्या यंत्राच्या निम्म्याहून अधिक देऊ नये, असे माझे मत आहे, आणि जवळच्या एकूण रकमेतील तिसरा हिस्सा तरी नवी चेन, कानस, ऑइल आणि अंगावरच्या संरक्षणासाठी वेगळा काढून ठेवावा. विक्रेत्याकडून मॉडेल, अनुक्रमांक, तारीख आणि त्याच्या सहीनिशी साधी पावती घ्यावी. चोरीचा माल ताब्यात सापडल्यावर ‘मला ठाऊक नव्हते’ या सबबीला आधार असलेला बरा. ज्याचे काम घराच्या आवारातच आहे आणि जिथे वीज भरवशाची आहे, त्याने वायरचा विजेरी चेनसॉही विचारात घ्यावा. त्यात कार्ब्युरेटर नाही, पेट्रोल नाही, आणि पडून राहण्याने बिघडण्यासारखे फारसे काहीच नाही. बॅटरीचे जुने यंत्र मात्र बॅटरीसकट घेताना तिचे वय विचारावे. बॅटरीच मेलेली असेल तर नव्या बॅटरीच्या किमतीत सौदा बुडतो.

यंत्र घरी आले म्हणजे झाड कापण्याचा अधिकार आला, अशी समजूत करून घेऊ नये. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, मोह असे वृक्ष आहेत, आणि ते स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असले तरी तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. शहरी भागासाठी १९७५ चा निराळा कायदा आणि वृक्ष प्राधिकरण आहे. पडलेल्या झाडाच्या बाबतीतही कापण्यापूर्वी छायाचित्रे काढून ठेवणे आणि कार्यालयात विचारणा करणे शहाणपणाचे, विशेषतः भरपाईचा पंचनामा व्हायचा असेल तर.

राहिला प्रश्न चालवण्याचा. चेन सेकंदाला वीस मीटरच्या आसपास वेगाने धावते. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग कशालाही, मागच्या फांदीला, जमिनीतल्या दगडाला, टेकला की यंत्र क्षणार्धात चापासारखे उलटून कापणाऱ्याच्या मानेकडे येते; हा झटका माणसाच्या प्रतिक्रियेपेक्षा जलद असतो, म्हणूनच चेन ब्रेक आणि म्हणूनच डाव्या हाताचा अंगठा मुठीच्या खालून वळवून घट्ट धरण्याचा नियम. खांद्याच्या वर यंत्र नेऊ नये, शिडीवर उभे राहून चालवू नये, एका हाताने तर कधीच नाही. चष्मा किंवा जाळीचे शिरस्त्राण, कानांना बंद करणारे मफ आणि पायांसाठी चेन अडवणाऱ्या कापडाचे कवच, यांतले शेवटचे आपल्याकडे सहज मिळत नाही, पण मागवावे; लुंगी आणि रबरी सपाता घालून चेनसॉ चालवणारा माणूस किनाऱ्यावर सर्वत्र दिसतो, हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही.

वादळात उन्मळून पडलेले झाड हे उभ्या झाडापेक्षा कापायला अधिक दगाबाज असते, ही गोष्ट नवशिक्याला कोणी सांगत नाही. आडव्या खोडाची एक बाजू ताणात आणि दुसरी दाबात असते. दाबाच्या बाजूने काप घातला तर बार चिमट्यात अडकतो, ताणाच्या बाजूने एकदम खोल घातला तर खोड फुटून उसळते. म्हणून प्रथम दाबाच्या बाजूने थोडा, नंतर ताणाच्या बाजूने, असा क्रम ठेवतात. आणि आंब्यासारखे मोठे झाड मुळांच्या गड्ड्यासकट उपटून पडले असेल तर खोड बुडापासून तोडताच, आतापर्यंत खोडाच्या भाराने उघडा राहिलेला तो मातीचा प्रचंड गड्डा पुन्हा आपल्या खड्ड्यात धाडकन मागे बसू शकतो. तेव्हा शेवटचा काप घालण्यापूर्वी खड्ड्यात कोणी मूल, गडी वा कुत्रे उतरलेले नाही याची स्वतः जाऊन खातरजमा करावी, गड्डा दोरखंडाने बांधून घ्यावा, आणि तेवढीही तजवीज होत नसेल तर ते एक झाड कटरवाल्याची वाट पाहत राहू द्यावे.